जुन्या ब्राउझरमध्ये क्रिप्टो सापडत नाही तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्राउझरमध्ये एनक्रिप्शन, हॅश, डिजिटल सही किंवा की बनवणं असं काही करणारा कोड लिहिला की कधी ना कधी कुणाच्या तरी मशिनवर तो पडतोच, आणि मग तेच तेच प्रश्न येतात. म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय. सगळं वाचायला वेळ नसेल तर मॅथ.रँडमवाला (जावास्क्रिप्टचं साधे रँडम आकडे देणारं फंक्शन) प्रश्न तेवढा वाचाच, कारण बाकीच्या चुका नंतर दुरुस्त होतात, ती होत नाही.

क्रिप्टो.सटल अनडिफाइन्ड येतंय. म्हणजे ब्राउझर जुना आहे ना?

बहुतेक वेळा नाही. (क्रिप्टो.सटल म्हणजे वर सांगितलेली सगळी कामं करायला ब्राउझरने जावास्क्रिप्टला दिलेलं ऑब्जेक्ट.) आधी ॲड्रेस बार बघा. पेज साध्या एचटीटीपीवर उघडलेलं असेल तर अगदी कालच अपडेट केलेल्या क्रोममध्ये पण सटल मिळणार नाही. क्रोमने व्हर्जन ६० पासून आणि फायरफॉक्सने ७५ पासून हे फक्त सिक्युअर कॉन्टेक्स्टमध्येच द्यायचं ठरवलंय, म्हणजे एचटीटीपीएस पाहिजे किंवा मग लोकलहोस्ट, म्हणजे त्याच मशिनवरून उघडलेलं पेज. आणि इथेच सगळे फसतात, कारण लॅपटॉपवर लोकलहोस्टला सगळं मस्त चालतं, मग तेच पेज फोनवरून वायफायच्या १९२.१६८ वाल्या आयपीने उघडलं की "कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड" असं येतं आणि आपण फोनला दोष देतो. माझा स्वतःचा अर्धा दिवस यात गेलाय, फोनच्या ब्राउझरचं व्हर्जन शोधत बसलो होतो आणि फोन बिचारा ठीक होता.

विंडोवर इझसिक्युअरकॉन्टेक्स्ट नावाची प्रॉपर्टी असते, ती आधी प्रिंट करा. फॉल्स आली तर प्रश्न ब्राउझरचा नाहीये. अजून एक, तुमचं पेज एचटीटीपीएसवर असेल पण ते दुसऱ्या कुणाच्या एचटीटीपी पेजच्या आयफ्रेममध्ये (पेजच्या आतल्या चौकटीत) बसलं असेल तरी ते सिक्युअर धरलं जात नाही, बाहेरचं पेज पण सिक्युअर लागतं.

फोनवर टेस्ट करायचं असेल तर यूएसबी लावून क्रोमचं पोर्ट फॉरवर्डिंग वापरा म्हणजे फोनला पण लोकलहोस्टच दिसेल, नाहीतर एमकेसर्ट नावाचं टूल वापरून घरच्या घरी सर्टिफिकेट बनवा आणि त्याचं मूळ (रूट) सर्टिफिकेट फोनमध्ये टाका.

सर्व्हरवर एचटीटीपीएस नाहीये आणि लगेच होणार पण नाहीये. जावास्क्रिप्टची लायब्ररी टाकून काम भागवू का?

नको. मनापासून सांगतो, नको. सटल एचटीटीपीवर बंद केलंय त्याला कारण आहे. पेज उघडं येतंय म्हणजे तुमची लायब्ररी पण उघडीच येतेय, आणि वाटेत बसलेला माणूस त्या लायब्ररीत एक ओळ घालून पासवर्ड स्वतःकडे पाठवून घेऊ शकतो. म्हणजे कुलूप पाठवलं आणि किल्ली त्याच पाकिटात. एनक्रिप्शन चालू दिसेल, स्क्रीनवर हिरवी टिक पण येईल, आणि आत काहीच सुरक्षित नसेल. यापेक्षा एनक्रिप्शन नाही असं सरळ सांगितलेलं बरं, कारण मग माणूस निदान जपून वागतो.

सर्टिफिकेट फुकट मिळतात, आपोआप रिन्यू होतात. लायब्ररी जोडायला जितका वेळ लागेल तेवढ्यात एचटीटीपीएस होऊन जातं.

बरं, मग खरंच जुना ब्राउझर म्हणजे नेमका कुठला?

सटल ज्याचा भाग आहे ते वेब क्रिप्टोग्राफी एपीआय डब्ल्यूथ्रीसीची (वेबची मानकं ठरवणारी संस्था) पूर्ण शिफारस झाली जानेवारी २०१७ मध्ये, पण ब्राउझरांनी ते त्याच्या आधीच द्यायला सुरुवात केली होती. क्रोमने ३७ मध्ये, फायरफॉक्सने ३४ मध्ये, दोन्ही २०१४ सालची. सफारीने बराच काळ, म्हणजे १० पर्यंत, ते वेबकिटसटल अशा वेगळ्या नावाने दिलं. इंटरनेट एक्सप्लोरर ११ मध्ये ते एमएसक्रिप्टो नावाने आहे आणि त्याचं वागणं पण वेगळं आहे, त्यावर खाली लिहिलंय. एक्सप्लोरर १० आणि त्याच्या मागे काहीच नाही, ना सटल ना सुरक्षित रँडम.

पण आज "जुना" म्हणजे फक्त एक्सप्लोरर असं धरून चालू नका. विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोम १०९ वरच थांबलं, ती मशिनं अजून चालू आहेत. त्यावर सटल आहे, एईएस (सगळीकडे वापरली जाणारी एनक्रिप्शनची पद्धत) आहे, सगळं नेहमीचं आहे, पण नवीन आलेल्या गोष्टी नाहीत. जुन्या आयफोनवर तर ब्राउझर बदलून पण उपयोग होत नाही, तिथे क्रोम टाकलं तरी आतलं इंजिन ॲपलचंच वेबकिट असतं आणि ते आयओएसबरोबरच अपडेट होतं. अँड्रॉइडला ५ पासून वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेब पेज दाखवणारा भाग) स्टोअरमधून वेगळा अपडेट होतो, त्याच्या आधीच्या फोनमध्ये तो सिस्टिमबरोबर गोठलेला असतो, त्यामुळे फोनवर क्रोम नवं असलं तरी एखाद्या ॲपच्या आत उघडलेलं पेज जुन्या इंजिनवर चाललेलं असू शकतं. ही केस पकडायला लई त्रास होतो.

ब्राउझर ओळखायचा कसा? यूजर एजंट बघून व्हर्जन काढलं तर?

यूजर एजंट (ब्राउझर स्वतःचं नाव-व्हर्जन सांगतो ती ओळ) वाचू नका, तो खोटं बोलतो आणि ॲपच्या आतल्या वेबव्ह्यूमध्ये तर काहीही लिहिलेलं असतं. जे पाहिजे ते आहे का तेच विचारा. आणि विचारताना पायरीने विचारा: क्रिप्टो ऑब्जेक्ट आहे का, त्यावर गेटरँडमव्हॅल्यूज (सुरक्षित रँडम देणारं फंक्शन) आहे का, त्यावर सटल आहे का. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. गेटरँडमव्हॅल्यूज एचटीटीपीवर पण चालतं, सटल चालत नाही, त्यामुळे "क्रिप्टो आहे म्हणजे सगळं आहे" हे धरून लिहिलेला कोड अर्ध्यात पडतो.

पण एवढ्यावर पण भागत नाही. सटल असलं म्हणजे तुम्हाला हवा तो अल्गोरिदम असेलच असं नाही. जुन्या एजमध्ये, म्हणजे क्रोमियमवर जायच्या आधीच्या एजमध्ये, सटल होतं पण पीबीकेडीएफ२ (पासवर्डवरून की बनवायची पद्धत) नव्हतं. क्रोममध्ये आजही १९२ बिटची एईएस की चालत नाही, १२८ आणि २५६ चालतात. अल्गोरिदमची यादी देणारी सोय सुरुवातीच्या एपीआयमध्ये ठेवलेलीच नाही, त्यामुळे खात्रीचा मार्ग एकच, करून बघणं. पेज लोड झालं की एक छोटी चाचणी चालवा: एबीसी या तीन छोट्या अक्षरांचा शा-२५६ हॅश काढा, तो बीए७८१६बीएफ ने सुरू व्हायला पाहिजे, मग एक की बनवा, चार बाइट एनक्रिप्ट करा, परत उघडा, जुळले का बघा. काही मिलिसेकंदांचं काम आहे. उत्तर चुकलं किंवा एरर आली तर या मशिनवर नेटिव्ह, म्हणजे ब्राउझरचं स्वतःचं क्रिप्टो, वापरायचं नाही असं ठरवा आणि पूर्ण सेशनभर त्याच निर्णयावर राहा, मधेच एक फंक्शन नेटिव्ह आणि दुसरं लायब्ररीचं असं मिसळू नका.

चाचणीसाठी रिकामा इनपुट घेऊ नका, एक्सप्लोरर ११ रिकाम्या डेटाचा हॅश काढताना एरर देतो आणि तुम्हाला वाटेल हॅशच नाही.

सुरक्षित रँडम मिळत नाहीये. तेवढ्यापुरतं मॅथ.रँडम वापरलं तर?

नाही. तेवढ्यापुरतं पण नाही, आणि बॅकअप म्हणून पण नाही, आणि त्यात वेळ आणि माऊसची पोझिशन मिसळून पण नाही.

मॅथ.रँडम गेमसाठी, ॲनिमेशनसाठी बनलंय. क्रोममध्ये त्याच्या आत २०१५ च्या शेवटापासून झोरशिफ्ट१२८+ नावाची पद्धत आहे, ती वेगवान आहे, आकडे छान पसरतात, पण थोडे आकडे हातात आले की आतली स्थिती काढून पुढचे सगळे आकडे सांगता येतात. त्याच्या आधी जे होतं ते तर अजूनच कमजोर होतं.

यातून किती वाईट होऊ शकतं याचं खरं उदाहरण आहे. बिटकॉइनचे ब्राउझरमध्ये बनणारे वॉलेट, साधारण २०११ ते २०१५ मधले. बिटकॉइनजेएस ही लायब्ररी तेव्हा की बनवायला जेएसबीएन नावाच्या दुसऱ्या लायब्ररीचं सिक्युअररँडम वापरायची. त्या फंक्शनमध्ये विंडो.क्रिप्टो वापरायची सोय होती, पण ती अट अशी लिहिलेली की फक्त नेटस्केपच्या पुरातन व्हर्जनवरच खरी ठरेल. म्हणजे नव्या ब्राउझरमध्ये चांगलं रँडम हजर असताना सुद्धा कोड गुपचूप मॅथ.रँडमवर जायचा. एरर नाही, वॉर्निंग नाही, नाव मात्र सिक्युअररँडम. नोव्हेंबर २०२३ मध्ये अनसायफर्ड या कंपनीने हे रँडस्टॉर्म नावाने जाहीर केलं. तोपर्यंत लोकांचे पैसे त्या कींवर वर्षानुवर्षं पडून होते. आणि ती की नंतर सुधारता येत नाही, कोड अपडेट करून काही होत नाही, नवी की बनवून पैसे हलवणं एवढंच हातात राहतं, तेही त्या माणसाला कळलं तर.

म्हणून नियम असा ठेवा की गेटरँडमव्हॅल्यूज आधी सरळ नावाने शोधायचं, मग एमएसक्रिप्टोवर शोधायचं, आणि दोन्हीकडे नसेल तर एरर फेकून थांबायचं. ट्वीटनेसल ही लायब्ररी नेमकं हेच करते, रँडमचा स्रोत मिळाला नाही तर "नो पीआरएनजी" म्हणून सरळ पडते, आणि मला ते फार आवडतं. स्टॅनफर्डच्या एसजेसीएलमध्ये माऊसच्या हालचालीतून रँडम गोळा करायची पद्धत आहे, ती फॉर्च्यूना नावाच्या डिझाइनवर बेतलीय आणि त्या काळासाठी चांगलं काम होतं, पण पुरेसं गोळा झालंय का याची वाट बघावी लागते, आणि आज जे थोडे ब्राउझर गेटरँडमव्हॅल्यूजशिवाय उरलेत त्यांच्यावर गुप्त काम न केलेलंच बरं.

एक व्यावहारिक गोष्ट, गेटरँडमव्हॅल्यूज एका वेळी ६५,५३६ बाइटच देतं, जास्त मागितले की कोटा एक्सीडेड येतं. ही ब्राउझरची कमतरता नाही, सगळीकडे असंच आहे, तुकडे करून मागा.

शिम आणि पॉलिफिल यात फरक काय? मला कुठलं पाहिजे?

इथे मी दोन शब्द वेगळे वापरतोय कारण कामं वेगळी आहेत. शिम म्हणजे ब्राउझरमध्ये खरं क्रिप्टो आहेच, फक्त नाव किंवा बोलायची पद्धत वेगळी आहे, ते सरळ करून देणारा पातळ थर. एक्सप्लोरर ११ आणि जुन्या सफारीला हे पुरतं, वेबक्रिप्टो-शिम नावाची छोटी लायब्ररी बरोबर यासाठीच आहे. पॉलिफिल म्हणजे ब्राउझरमध्ये नाहीच ते, म्हणून अख्खा अल्गोरिदम जावास्क्रिप्टमध्ये लिहून आणलेला. आधी शिमने भागतंय का बघा, कारण त्यात गणित ब्राउझरच करतो आणि वेग व सुरक्षितता तीच राहते.

पॉलिफिल लावताना एक गंमत होते ती लक्षात ठेवा, नव्या ब्राउझरमध्ये विंडो.क्रिप्टो फक्त वाचता येतं, त्यावर आपलं ऑब्जेक्ट चिकटवायला गेलात तर साध्या मोडमध्ये काहीच होत नाही आणि स्ट्रिक्ट मोडमध्ये एरर येते. त्यामुळे ग्लोबलला हात लावण्यापेक्षा आपलं स्वतःचं एक मॉड्यूल करा आणि सगळ्या कोडने त्याच्याचकडे मागावं. गेटरँडमव्हॅल्यूज वेगळ्या व्हेरिएबलमध्ये काढून नुसतं बोलावलं तर "इलिगल इन्व्होकेशन" येतं, ते क्रिप्टोला बाइंड करून घ्या.

एक्सप्लोरर ११ मध्ये एमएसक्रिप्टो आहे, नाव बदललं तरी कोड चालत नाही. का?

कारण तो अर्धवट असतानाच्या मसुद्यावर बनलाय. प्रॉमिस परत देत नाही, एक ऑपरेशन देतो ज्यावर ऑनकम्प्लीट आणि ऑनएरर लावायचे. प्रॉमिस त्या ब्राउझरमध्ये मुळातच नाही, तो वेगळा आणावा लागतो. टेक्स्टएन्कोडर नाही (तो क्रोमियमच्या आधीच्या एजमध्ये पण नव्हता), म्हणजे स्ट्रिंगचे बाइट करायला पण काहीतरी आणा. एईएसच्या जीसीएम मोडने एनक्रिप्ट केलं की बाकीचे ब्राउझर सायफरटेक्स्टच्या (एनक्रिप्ट झालेल्या डेटाच्या) मागे टॅग (डेटा कुणी बदलला नाही याची खूण) जोडून एकच बफर देतात, हा दोन्ही वेगवेगळे देतो. जेडब्ल्यूके (जेसनमध्ये लिहिलेली की) ऑब्जेक्ट म्हणून न घेता त्या जेसनचे बाइट मागतो, जुनी सफारी पण तेच करते. एचमॅकने (की मिसळून काढलेल्या हॅशने) सही करताना हॅशचं नाव परत सांगावं लागतं. शा-५१२ नाही. पीबीकेडीएफ२ नाही.

शिम यातलं बरंच सरळ करून देतो पण जे नाहीच ते कुठून आणणार. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला विंडोज १० वरच्या नेहमीच्या एक्सप्लोरर ११ चा सपोर्ट संपवला. नवीन प्रोजेक्टमध्ये यासाठी एक तास पण घालवू नका असं माझं मत आहे, जुनं काही चालू ठेवायचंच असेल तर गोष्ट वेगळी.

लायब्ररी कुठली घेऊ?

काम काय आहे त्यावर आहे. फक्त एनक्रिप्ट-डिक्रिप्ट आणि सही पाहिजे आणि दोन्ही टोकं तुमच्याच हातात आहेत तर ट्वीटनेसल छान आहे, छोटी आहे, २०१७ मध्ये क्युअर५३ या सुरक्षा तपासणाऱ्या कंपनीने तिचं ऑडिट केलंय, आणि निवड करायला फार जागाच ठेवलेली नाही त्यामुळे चुका कमी होतात. आरएसए, सर्टिफिकेट, पीकेसीएस वगैरे पाहिजे असेल तर फोर्ज ही लायब्ररी. नोबल नावाने येणाऱ्या लायब्रऱ्या उत्तम लिहिलेल्या आहेत, पण त्यातली कर्व्हवाली बिगइंटवर (जावास्क्रिप्टमधले खूप मोठे पूर्णांक) चालते आणि बिगइंट क्रोम ६७, फायरफॉक्स ६८, सफारी १४ पासूनच आहे, म्हणजे ज्या जुन्या ब्राउझरसाठी तुम्ही लायब्ररी शोधताय तिथेच ती चालणार नाही असं होऊ शकतं. लिबसोडियम या लायब्ररीचं जावास्क्रिप्ट रूप वेबअसेम्ब्लीवर (ब्राउझरमध्ये वेगाने चालणारा आधीच कंपाइल केलेला कोड) पळतं, ते क्रोम ५७, फायरफॉक्स ५२, सफारी ११ पासून मिळतं.

क्रिप्टोजेएस बऱ्याच जुन्या उत्तरांमध्ये दिसते म्हणून तिच्याबद्दल स्पष्ट लिहितो. तिचं काम ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबलंय. ४ च्या आधीच्या बऱ्याच व्हर्जनमध्ये रँडम मॅथ.रँडमवरून यायचं. ४.२.० च्या आधी पीबीकेडीएफ२ ला तुम्ही आकडा दिला नाही तर ती शा-१ वापरून फक्त १ फेरी करायची, होय, एक. आणि एईएसला की ऐवजी पासवर्डची स्ट्रिंग दिली तर आत एमडी५ या जुन्या, कमजोर हॅशवरून की बनते. असलेला जुना डेटा उघडायला ती ठेवा, नवीन काही तिच्याने बंद करू नका.

लायब्ररी वापरली तर नेटिव्हच्या तुलनेत काय गमावतो?

तीन गोष्टी. वेग तर दिसतोच.

दुसरी जास्त महत्त्वाची आणि लोक विसरतात. नेटिव्हमध्ये की बनवताना एक्स्ट्रॅक्टेबल फॉल्स ठेवलं की ती की जावास्क्रिप्टला वापरता येते पण वाचता येत नाही, आणि ती तशीच इंडेक्स्डडीबीमध्ये (ब्राउझरमधल्या साठ्यात) ठेवता येते. पेजमध्ये कुणी घाणेरडी स्क्रिप्ट घुसवली तर ती त्या वेळेपुरती की वापरू शकेल पण उचलून घरी नेऊ शकणार नाही. लायब्ररीत की म्हणजे साधा बाइटचा ॲरे, कुणीही वाचावा. पॉलिफिलने एक्स्ट्रॅक्टेबल नावाचा फ्लॅग दाखवला तरी तो नुसता शब्द असतो. तुमची सुरक्षितता यावर उभी असेल तर जुन्या ब्राउझरवर ते फीचर बंदच ठेवा.

तिसरी, वेळेवरून फुटणारी गुपितं. जावास्क्रिप्टमधलं एईएस बहुतेक वेळा टेबल बघून चालतं आणि टेबल बघायला लागणारा वेळ कीवर अवलंबून असतो. सालसा२० सारख्या दुसऱ्या एनक्रिप्शन पद्धतीत टेबलच नसतं, म्हणून शुद्ध जावास्क्रिप्टमध्ये करायचंच असेल तर एईएसपेक्षा त्या जातीचं बरं.

पासवर्डवरून की बनवताना जुना फोन गोठतो. फेऱ्या कमी करू?

ओवास्प ही वेब सुरक्षेबद्दल सल्ले देणारी संस्था पीबीकेडीएफ२ ला शा-२५६ बरोबर ६,००,००० फेऱ्या सांगतं. नेटिव्हमध्ये हे ठीक चालतं, जुन्या फोनवर जावास्क्रिप्टमध्ये चालवलं तर माणूस पेज बंद करून निघून जाईल. पण फेऱ्या कमी केल्या तर नुकसान त्याच माणसाचं, आणि वाईट म्हणजे तोच डेटा तो नंतर चांगल्या लॅपटॉपवर उघडेल तेव्हा पण कमजोरच असेल, कारण फेऱ्यांचा आकडा डेटाबरोबर बांधला जातो.

आधी हे बघा की काम मेन थ्रेडवर तर करत नाही ना, वर्करमध्ये (मागे वेगळ्या चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) टाका म्हणजे स्क्रीन गोठत नाही (फायरफॉक्समध्ये वर्करच्या आत क्रिप्टो ४८ पासून आहे, एक्सप्लोररच्या वर्करमध्ये एमएसक्रिप्टो मिळत नाही). मग बघा की वेबअसेम्ब्लीवाली लायब्ररी चालते का, ती साध्या जावास्क्रिप्टपेक्षा पुष्कळ वेगाने पळते. तरी नाही जमलं तर सर्व्हरने पाठवलेली कमी फेऱ्यांची किंमत डोळे झाकून मान्य करू नका, कोडमध्ये एक किमान आकडा पक्का लिहा आणि त्याच्या खाली आलं तर नकार द्या. आणि फेऱ्या, सॉल्ट (पासवर्डबरोबर मिसळलेले रँडम बाइट), पद्धतीचं नाव हे सगळं डेटाच्या सुरुवातीला लिहून ठेवा, म्हणजे माणूस चांगल्या मशिनवर आला की त्याच पासवर्डने उघडून जास्त फेऱ्यांनी परत बंद करता येतं.

लायब्ररीने बंद केलेलं नेटिव्हने उघडत नाही, ऑपरेशन एरर येते, पुढे काहीच सांगत नाही.

एरर मुद्दामच मुकी ठेवलेली असते, जास्त सांगितलं तर हल्लेखोराला मदत होते. कारण मात्र बहुतेक वेळा गणित नसून मांडणी असते.

जीसीएमचा टॅग सगळ्यात आधी बघा, नेटिव्हला तो सायफरटेक्स्टच्या शेवटी चिकटलेला पाहिजे, फोर्ज तो वेगळा देतं. मग आयव्ही (एनक्रिप्ट करताना दर वेळी नवा लागणारा सुरुवातीचा आकडा), १२ बाइटचा ठेवा सगळीकडे, आणि एकाच कीबरोबर तोच आयव्ही परत कधीही नको, जीसीएममध्ये ती चूक सगळं उघडं पाडते. एसजेसीएल तुम्ही काही सांगितलं नाही तर सीसीएम मोड वापरतं आणि सीसीएम वेब क्रिप्टोमध्ये नाहीच. ईसीडीएसए या पद्धतीच्या सहीत नेटिव्ह पी-२५६ या कर्व्हसाठी सरळ ६४ बाइट देतं, सर्व्हरवरची ओपनएसएसएल लायब्ररी डीईआर नावाच्या मांडणीत गुंडाळलेली मागते, त्यामुळे सर्व्हर "सही चुकीची" म्हणतो आणि सही अगदी बरोबर असते. आणि स्ट्रिंगचे बाइट करताना दोन्हीकडे यूटीएफ-८ आहे ना, इंग्रजी पासवर्डवर सगळं चालतं आणि कुणी देवनागरीत पासवर्ड टाकला की पडतं, हे टेस्टमध्ये मुद्दाम घाला.

जुन्या ब्राउझरवाल्यांसाठी तेवढं काम सर्व्हरवर करून टाकलं तर?

काम कुठलं आहे? एखाद्या फाइलचा हॅश काढून ती नीट अपलोड झाली का एवढंच बघायचं असेल तर खुशाल सर्व्हरवर करा. पण तुम्ही लोकांना सांगितलं असेल की तुमचा मजकूर आम्हाला पण वाचता येत नाही, आणि काही जणांचा मजकूर गुपचूप सर्व्हरवर जाऊन मग बंद होतोय, तर तुम्ही शब्द मोडलाय. त्या माणसाला तो मजकूर कुणाला दिसतोय हे कळायचा काही मार्ग नाही. करायचंच असेल तर त्याला आधी विचारा, साध्या शब्दात, आणि त्याचं उत्तर नाही असेल तर नाही.

एड२५५१९ कधीपासून चालतं?

ही सही करायची नवी पद्धत. सफारी १७, फायरफॉक्स १२९, क्रोम १३७ पासून. म्हणजे क्रोम १०९ वर अडकलेल्यांना ते कधीच मिळणार नाही. इथे पॉलिफिल योग्य आहे, पण जमत असेल तर सरळ पी-२५६ वापरा, ते जवळपास सगळीकडे आहे. कर्व्ह निवडताना नवं छान म्हणून घेतलं जातं आणि मग दोन वर्षं पॉलिफिल ओढत बसावं लागतं.

रँडमयूयूआयडी नाही म्हणतंय.

रँडम ओळखक्रमांक बनवणारं हे फंक्शन क्रोम ९२, फायरफॉक्स ९५, सफारी १५.४ पासून, आणि परत सिक्युअर कॉन्टेक्स्टच. पण हे स्वतः करणं सोपं आणि सुरक्षित आहे: गेटरँडमव्हॅल्यूजने १६ बाइट घ्या, सातव्या बाइटचे वरचे चार बिट ४ करा, नवव्याचे वरचे दोन बिट १ आणि ० करा, मग हेक्समध्ये लिहा. जुन्या पोस्टमध्ये मॅथ.रँडमने एक्स-वायची अक्षरं बदलणारी एक ओळ फिरते, ती नको.

वेबपॅक ५ वर गेल्यापासून "कान्ट रिझॉल्व्ह क्रिप्टो" येतंय.

याचा ब्राउझरच्या वयाशी संबंध नाही. वेबपॅक (कोडच्या फाइली एकत्र बांधणारं टूल) आधी नोडच्या, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टच्या, क्रिप्टोच्या जागी क्रिप्टो-ब्राउझरिफाय आपोआप टाकायचं, २०२० मध्ये आलेल्या ५ ने ते बंद केलं. बंद केलं ते बरंच झालं, नाहीतर एका हॅशसाठी केवढा तरी कोड नकळत पेजमध्ये यायचा. कुठलं पॅकेज ते क्रिप्टो मागतंय ते शोधा, आणि खरंच लागत असेल तरच फॉलबॅक लिहा.

पॉलिफिल फुकटच्या सीडीएनवरून घेतलं तर चालेल ना?

सीडीएन म्हणजे फाइली वाटणारा दुसऱ्याचा सर्व्हर, क्रिप्टोसाठी तर अजिबात नाही. पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन २०२४ मध्ये दुसऱ्यांच्या हातात गेलं आणि जूनमध्ये उघड झालं की तिथून येणाऱ्या स्क्रिप्टमध्ये घातक कोड मिसळलाय, एक लाखाहून जास्त साइट ती वापरत होत्या. न बदलणाऱ्या फाइलसाठी इंटिग्रिटीचा हॅश (फाइल बदलली तर न जुळणारा) स्क्रिप्टच्या टॅगमध्ये लिहून असं थांबवता येतं, पण ते ॲट्रिब्यूट क्रोम ४५, फायरफॉक्स ४३, सफारी ११.१ पासूनच कळतं, आधीचे ब्राउझर त्याकडे बघत पण नाहीत आणि स्क्रिप्ट चालवून मोकळे होतात. म्हणजे पॉलिफिलची गरज ज्यांना जास्त, त्यांनाच हे संरक्षण नाही. फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, व्हर्जन पक्कं करा.

काही लोकांना पेजच उघडत नाही, सर्टिफिकेटची एरर येते.

मग तुमचा जावास्क्रिप्ट तिथे पोचलाच नाही, पॉलिफिल काय करणार. एक तर ब्राउझरला टीएलएस (एचटीटीपीएसच्या आतली सुरक्षित जोडणी) १.२ येत नाही आणि सर्व्हरने १.० व १.१ बंद केलंय, जे बरोबरच आहे, मार्च २०२१ च्या आरएफसी ८९९६ या इंटरनेट मानकाने ते दोन्ही अधिकृतपणे मोडीत काढलेत. नाहीतर मशिनमधला रूट सर्टिफिकेटचा साठा जुना आहे, ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ या रूट सर्टिफिकेटची मुदत संपली तेव्हा लेट्स एनक्रिप्टची फुकट सर्टिफिकेट वापरणाऱ्या कितीतरी साइट जुन्या मशिनवर अशाच बंद पडल्या. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनवर नवा रूट नाहीये, तिथे फोनवर येत असेल तर फायरफॉक्स टाकून बघायला सांगा, तो स्वतःचा साठा घेऊन येतो. आणि फोनची तारीख बरोबर आहे का ते पण विचारा, बॅटरी पूर्ण उतरून तारीख मागे गेलेली असते बऱ्याचदा.

शेवटी काहीच जमलं नाही तर माणसाला काय दाखवायचं?

त्याला "युवर ब्राउझर इज नॉट सपोर्टेड" दाखवून दार लावू नका. काय चालणार नाही आणि का ते लिहा, म्हणजे "या फोनवर तुमची नोट सुरक्षित बंद करता येत नाही म्हणून सेव्ह बटण बंद ठेवलंय, दुसऱ्या मशिनवरून उघडा". त्याने टाइप केलेलं फेकू नका, कॉपी करायची सोय ठेवा. जे क्रिप्टोशिवाय चालतं, वाचणं, शोधणं, ते चालू ठेवा. ब्राउझर अपडेटची लिंक देताना आधी बघा की त्या सिस्टिमवर नवा ब्राउझर येतो तरी का, विंडोज ७ वाल्याला क्रोम अपडेट करा सांगून तो फक्त चक्कर मारून परत येतो. आणि हा मेसेज ज्या स्क्रिप्टमधून दाखवताय ती साध्या जुन्या जावास्क्रिप्टमध्ये, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, कारण मुख्य फाइलमध्ये एक जरी नवा सिंटॅक्स असला तरी जुना ब्राउझर अख्खी फाइल टाकून देतो आणि माणसाला पांढरी स्क्रीन दिसते.